गोळीच्या सोबतीला सोडा

तुमच्या आई-वडिलांनी किंवा सासू-सासऱ्यांनी भारतातून येताना आणलेली औषधांची पिशवी तुम्ही कधी नीट उघडून पाहिली आहे का? मी पाहिली नव्हती. अप्पा कराडहून आले की त्यांच्या बॅगेतून आधी मेतकूट निघतं, मग गूळ, मग कुळथाचं पीठ आणि सगळ्यात शेवटी श्रीखंडाचा जुना प्लास्टिकचा डबा. त्यात त्यांची औषधं असतात. बीपीची गोळी मला ठाऊक होती, बाकीच्या पट्ट्यांकडे माझं लक्ष गेलं नाही. रोज नाश्ता झाला की ते गुडघ्यासाठी एक गोळी घ्यायचे आणि लगेच एक गुलाबी गोळी चघळायचे. "ही दुखण्याची, आणि ही तिच्या सोबतीची," असं त्यांनी एकदा सांगितलंही होतं. मला ते शहाणपणाचंच वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या ब्लॉकखाली व्हॉइड डेकच्या बाकावर बसले असताना त्यांना दरदरून घाम फुटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रुग्णालयात कळलं की जठरात व्रण होऊन त्यातून रक्त जात होतं. चार दिवस शौचाला काळं, डांबरासारखं होत होतं, पण पालक खाल्ल्यामुळे असेल म्हणून ते बोलले नव्हते. (खरं कारण वेगळं होतं. इथल्या दवाखान्याचा खर्च पाहुण्यांना किती पडतो, हे त्यांनी खाली फिरायला येणाऱ्या दुसऱ्या एका आजोबांकडून ऐकलं होतं.) एंडोस्कोपीनंतर तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोटात दुखत होतं का, जळजळ होत होती का? अप्पा जरा अभिमानानंच म्हणाले, "अजिबात नाही. मी रोज न चुकता अँटासिड घेतो." बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणूनच कळलं नाही."

अप्पा आता बरे आहेत, ती काळजी नको. पण ते तीन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. दुखण्याची गोळी आणि तिच्या सोबत पोटाची गोळी, ही जोडी आपल्या घरांत इतकी मुरली आहे की तिला कुणी प्रश्नच विचारत नाही. ही जोडी लावली कुणी? आणि ती लावली की पोट सुरक्षित राहतं, असं आपल्याला सांगितलं कुणी? शोधत गेले तेव्हा ही वाट आयुर्वेदाच्या भस्मांपासून निघाली, इंग्लंडमधल्या एका बंदरावरून आणि अमेरिकेतल्या एका छोट्या गावावरून गेली आणि शेवटी चक्क आपल्या केंट रिजला येऊन पोचली.

पोटातलं आम्ल शांत करायची युक्ती फार जुनी आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्य त्यावर शंखभस्म देत, कवडीचं भस्म देत, प्रवाळ देत. शंख, कवडी आणि पोवळं हे तिन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याच्या कुळातले. तुम्ही चायनाटाउनात जाता तेव्हा साउथ ब्रिज रोडवर यू यान संगचं दुकान दिसतं. ही पेढी सिंगापुरात १९१० पासून आहे. अशा चिनी औषधांच्या दुकानांत लाकडी खणांच्या भिंती असतात, आणि त्यांतल्या एखाद्या खणात पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची हाडं मिळतात. ते माकुळाचं हाड. आपले वैद्य त्यालाच समुद्रफेन म्हणतात. चिनी वैद्यकात ते आंबट ढेकरांवर आणि पोटदुखीवर देतात. तेही पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच. अमेरिकेत १९३० मध्ये टम्स नावाची चघळायची गोळी आली, तिच्यातही तेच. कोकणातला वैद्य, कँटनचा वैद्य आणि सेंट लुईसचा कारखानदार, तिघांनी समुद्राच्या एकाच कपाटात हात घातला, असं म्हणायला हरकत नाही.

सोड्याची गोष्ट बंदरावरची आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला जेम्स क्रॉसली ईनो नावाचे औषधविक्रेते होते. १८५० च्या दशकात ते सोडा आणि फळातल्या आम्लाची पूड एकत्र करून विकू लागले. पाण्यात टाकली की फसफसते, प्यायलं की ढेकर येतो आणि हलकं वाटतं. बंदरावर येणाऱ्या खलाशांच्या हाती ती पडली आणि जहाजांबरोबर जगभर गेली. सिंगापूर तर जहाजांवरच वाढलेलं गाव. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं संगणकावर वाचायला खुली केली आहेत. एखाद्या पावसाळी रविवारी त्यांत 'ईनो' आणि 'ॲस्प्रो' हे दोन शब्द शोधून बघा. रबराचे भाव आणि बोटींची वेळापत्रकं यांच्या शेजारी या दोघांच्या जाहिराती भेटतील. आपल्या आज्यांच्या फडताळातली ती ईनोची बाटली त्या काळी या शहरात परकी नव्हती.

ॲस्प्रो म्हणजे ॲस्पिरिन. बायर कंपनीनं १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आणलं. पहिल्या महायुद्धात जर्मन माल मिळेना, तेव्हा ऑस्ट्रेलियात जॉर्ज निकोलस यांनी ते स्वतः बनवलं आणि १९१७ पासून ॲस्प्रो हे नाव दिलं. पुढे तेच आशियाभर पसरलं. सिंगापुरात या बाजाराला देशी प्रतिस्पर्धीही होता. टायगर बामवाले ऑ बून हॉ १९२६ मध्ये रंगूनहून इथे आले आणि त्यांनी नील रोडवर कारखाना काढला. बामच्या जोडीला त्यांच्याकडे डोकेदुखीची पूडही मिळायची. गोदीवर माल उतरवणारा हमाल असो की कारकून, दिवसभर उन्हात आणि घामात काम केल्यावर डोकं दुखलं तर सुट्टी नव्हती, पूड होती.

आता पोटाकडे येऊ. ॲस्पिरिननं पोटात जळजळतं हे रुग्णांना पहिल्यापासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं १९३८ मध्ये. लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या दोघांनी ॲस्पिरिन दिलेल्या रुग्णांच्या जठरात दुर्बिणीची नळी घालून आतलं अस्तर लाल झालेलं पाहिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये ते छापलं. पण बाजारानं त्याआधीच स्वतःचं उत्तर काढलं होतं.

हे उत्तर निघालं अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात. १९२८ च्या हिवाळ्यात तिथे फ्लूची साथ होती. माइल्स या औषध कंपनीचे प्रमुख हब बियर्डस्ली गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले, तर तिथे जवळपास सगळे कामावर हजर. संपादक टॉम कीन यांनी गुपित सांगितलं. कुणालाही सर्दी-ताप वाटला की आपण त्याला ॲस्पिरिन आणि खायचा सोडा एकत्र देतो. बियर्डस्लींनी आपल्या रसायनतज्ज्ञाला, मॉरिस ट्रेनर यांना कामाला लावलं आणि १९३१ मध्ये अल्का-सेल्टझर जन्माला आलं. एका टिकलीत ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, जवळजवळ १.९ ग्रॅम सोडा आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पाण्यात टाकायची, फसफसू द्यायची, प्यायची.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? सोय तर होतीच. पण बघा, इथे आपल्या मनात एक गाठ बसली. डोकं दुखतंय आणि पोटही बिघडलंय, अशा माणसाला पोटाला बोचणारं औषध द्यायचं आणि सोबत सोडा दिला म्हणून ते निर्धोक मानायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तर 'बफर' केलेल्या ॲस्पिरिनची लाटच आली. बफरिनसारख्या गोळ्यांत अँटासिड आधीच मिसळलेलं असे आणि पोटाला सौम्य म्हणून ती विकली जाई. अप्पांची "दुखण्याची आणि तिच्या सोबतीची" ही जोडी म्हणजे त्या जाहिरातींचीच पणती. डॉक्टर, कंपाउंडर, शेजारी अशा तोंडांतून ती कराडपर्यंत आली.

ही गाठ चुकीची का, याचं उत्तर मिळायला १९७१ उजाडावं लागलं. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाही. वेदना आणि सूज त्या रसायनांमुळे वाढते, म्हणून गोळी घेतल्यावर बरं वाटतं. पण तीच रसायनं जठराच्या अस्तराचा पहारा करतात. त्यांच्यामुळे अस्तरावर श्लेष्माचा थर राहतो, आम्लाला अडवणारा क्षार पाझरतो आणि अस्तराला रक्त पोचतं. गोळी रक्तात गेली की हा पहारा उठतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी याच घराण्यातली. औषध सुईनं दिलं तरी व्रण होऊ शकतो, कारण नुकसान गोळीच्या स्पर्शापुरतं नसतं. सोडा किंवा गुलाबी गोळी काय करते? तासभर जठरातलं आम्ल कमी करते. उठलेला पहारा ती परत बसवू शकत नाही. व्हेन यांना या कामासाठी १९८२ मध्ये नोबेल मिळालं.

पण शास्त्र कळलं म्हणून सवयी बदलत नाहीत. १९९६ मध्ये एकाच वर्षात दोन अभ्यास आले. बोस्टनच्या ज्युडिथ केली आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पोटातून रक्त जाण्याचा धोका मोजला. रोज ३२५ मिलिग्रॅमपर्यंत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत साध्या गोळीनं तो २.६ पट होता, वर आवरण असलेल्या गोळीनं २.७ पट आणि बफर केलेल्या गोळीनं ३.१ पट. म्हणजे सोबत्याचा काही उपयोग दिसला नाही. दुसरा अभ्यास स्टॅनफर्डच्या गुरकीरपाल सिंग यांचा, संधिवाताच्या रुग्णांवरचा. ज्यांना पोटाचा गंभीर त्रास झाला, त्यांतल्या १०० पैकी ८१ जणांना आधी काहीही लक्षण जाणवलं नव्हतं. आणि ज्यांना त्रास नसतानाही अँटासिड किंवा रॅनिटिडीनच्या जातीची गोळी चालू होती, त्यांच्यात गंभीर त्रासाचा धोका ती न घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून थोडा जास्त निघाला. हे वाचताना मी थांबले. अप्पांच्या डॉक्टरीणबाईंचे तीन शब्द इथे आकड्यांत लिहिलेले होते. जळजळ ही पोटाची हाक असते. अप्पांनी ती रोज सकाळी नाश्त्यानंतर दाबून टाकली होती.

या गोष्टीत एक गमतीचा कोपराही आहे. सिंगापुरात डोकं दुखलं की लोक 'पॅनाडॉल' म्हणतात, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. हे नाव आलं १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये, स्टर्लिंग ड्रग या अमेरिकन कंपनीच्या एका शाखेकडून. पॅरासिटामॉलची ही ५०० मिलिग्रॅमची गोळी पोटाला सौम्य, हाच तिचा मोठेपणा सांगितला गेला, आणि तो खराही होता. आता याच स्टर्लिंगकडे पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतलं बायरचं ॲस्पिरिन आलेलं होतं, आणि १९२३ पासून फिलिप्सचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे पांढरं पातळ अँटासिड, तेही त्यांचंच. बोचणारं औषध, बोचल्यावरचा उतारा आणि न बोचणारं औषध, तिन्ही एकाच दुकानात. गिऱ्हाईक कुठूनही आलं तरी गल्ला तोच.

आणि आता केंट रिज. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

सिंगापूरच्या पोटविकारतज्ज्ञांना एक कोडं फार वर्षांपासून पडलेलं होतं. इथे चिनी, मलाय आणि भारतीय एकाच शहरात राहतात, एकाच रुग्णालयांत जातात, पण व्रणांचं प्रमाण सारखं नव्हतं. चिनी लोकांत ते जास्त दिसायचं. १९८० च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी व्रणामागचा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, दाखवून दिला. (पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) मग वाटलं, ज्यांच्यात जंतू कमी त्यांना व्रण कमी असतील. पण सिंगापूरच्या भारतीयांत जंतू भरपूर आणि व्रण कमी! काहीतरी वेगळं घडत होतं. नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधल्या कांग, यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंका आली ती मिरचीची.

तुम्हाला आठवत असेल, पित्त झालं की आपल्याकडे पहिला हुकूम निघतो तो तिखट बंद करण्याचा. या मंडळींनी उलट दिशेनं पाहिलं. त्यांनी व्रण असलेल्या १०३ चिनी रुग्णांना आणि व्रण नसलेल्या ८७ जणांना विचारलं की महिन्याला मिरची किती खाता. मधला आकडा व्रणवाल्यांत ३१२ ग्रॅम निघाला आणि बिनव्रणवाल्यांत ८३४ ग्रॅम. अर्थात ज्यांचं पोट दुखतं ते आपणहून तिखट कमी करतात, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो. १८ निरोगी स्वयंसेवक घेतले. एकदा त्यांना २० ग्रॅम मिरची आणि २०० मिलिलिटर पाणी दिलं, एकदा नुसतं पाणी. दोन्ही वेळा अर्ध्या तासानं ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. सहा तासांनी एंडोस्कोपी करून जठराला किती इजा झाली ते मोजलं. नुसत्या पाण्यावर घेतलेल्या ॲस्पिरिननंतर इजेचा मधला गुण ४ होता, मिरचीनंतर १.५. हा निबंध १९९५ मध्ये छापून आला.

मिरचीतलं कॅप्सेसिन अस्तराखालच्या संवेदनशील मज्जातंतूंना चेतवतं, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि अस्तर सावध होतं, असं त्यामागचं स्पष्टीकरण. अँटासिड ज्या पहाऱ्याला हात लावत नव्हतं, त्याला मिरचीनं तात्पुरतं का होईना जागं केलं. पण सावकाश. १८ निरोगी माणसं, ॲस्पिरिनचा एकच डोस आणि सहा तास, एवढाच हा प्रयोग आहे. रोज गोळी घेणाऱ्या पंचाहत्तरीतल्या माणसानं ठेचा खाऊन निर्धास्त व्हावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि २० ग्रॅम मिरची एका बैठकीत खाऊन बघा म्हणजे कळेल. तरीही व्रण आणि ॲस्पिरिन या विषयावर सिंगापूरनं जगाला मिरचीवरचा निबंध दिला, हे मला फार साजेसं वाटतं. ज्या शहरात फिशबॉलच्या वाडग्याबरोबरही कापलेली चिली पदी मिळते, तिथे दुसरं काय सुचणार?

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९८० च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल आलं आणि पहिल्यांदाच आम्ल जवळजवळ बंद करणारं औषध मिळालं. म्हणजे आपण ज्याला सरसकट 'पोटाची गोळी' म्हणतो, त्यात तीन निरनिराळी घराणी आहेत. झालेलं आम्ल मारणारं अँटासिड, आम्ल कमी बनवणारं रॅनिटिडीन किंवा फॅमोटिडीन, आणि आम्लाचा नळच बंद करणारं ओमेप्राझोल आणि त्याची भावंडं. वेदनाशामक गोळी दीर्घकाळ घ्यावीच लागली, तर डॉक्टर तिच्यासोबत संरक्षण म्हणून देतात ते बहुधा तिसऱ्या घराण्यातलं. अप्पांना वाटत होतं आपण ते घेतोय. ते पहिल्यातलं घेत होते. रंग गुलाबी असला की सगळ्या गोळ्या सारख्याच वाटतात.

दुसऱ्या घराण्याला धक्का बसला तो इथूनच. १६ सप्टेंबर २०१९ ला सिंगापूरच्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणानं रॅनिटिडीनच्या आठ ब्रँडच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्या, कारण त्यांत एनडीएमए नावाचा, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला. जगात सगळ्यांत आधी पावलं उचलणाऱ्यांत हे शहर होतं. अमेरिकेनं रॅनिटिडीन पूर्ण काढून घ्यायला सांगितलं ते एप्रिल २०२० मध्ये. तुमच्या घरात भारतातून आलेली जुनी पट्टी अजून पडलेली असेल, तर ती उचलून एकदा फार्मसीत विचारा. आणि एल्कहार्टच्या त्या फसफसत्या टिकलीचं काय झालं? जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं इशारा दिला की ॲस्पिरिन असलेल्या अँटासिडमुळे पोटातून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. तसा इशारा वेष्टनावर २००९ पासून छापलेला होता, तरी त्यानंतर आठ नवे रुग्ण नोंदले गेले होते. पोट बिघडलंय म्हणून घेतलेल्या औषधात ॲस्पिरिन असेल, हे कुणाच्या लक्षात येतं?

मग घ्यायचं काय आणि कसं? मी डॉक्टर नाही. पण अप्पांच्या निमित्तानं जे विचारून आणि वाचून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पॅरासिटामॉल आणि अँटासिड एकत्र घ्यायला साधारणपणे हरकत नाही. पोटाच्या बाबतीत त्याला सोबत्याची गरजही नसते. तिथे जपायचं ते यकृताला. मोठ्या माणसानं दिवसात ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, ही हद्द ओलांडायची नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू रोजची असेल, तर हद्द आणखी खाली येते, ती डॉक्टरांनाच विचारा. मोजताना सर्दीच्या गोळ्या धरा. भारतातून येणारी कॉम्बिफ्लामही धरा, कारण तिच्यात आयब्युप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. एक कॉम्बिफ्लाम, वर दोन पॅनाडॉल, रात्री सर्दीची गोळी, असं करत हिशेब कधी चुकतो ते कळत नाही.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन यांच्याबरोबर अँटासिड घेतल्यानं लगेच काही विपरीत घडत नाही. पण त्याला संरक्षण समजू नका. ज्या गोळीला आतड्यात विरघळणारं आवरण आहे, तिच्यात आणि अँटासिडमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. आम्ल कमी झालं की ते आवरण जठरातच सुटतं आणि मग ते असून नसल्यासारखं. वय साठीच्या पुढे असेल, पूर्वी व्रण झाला असेल, रक्त पातळ करणारी गोळी किंवा स्टिरॉइड चालू असेल, तर ही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊच नका. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

बीपीवाल्यांनी फसफसणाऱ्या सगळ्याच गोष्टींकडे संशयानं बघावं. ईनोच्या ५ ग्रॅमच्या पुडीत साधारण ०.८५ ग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमचं अँटासिडही विचारूनच. थायरॉइडची गोळी, लोह आणि काही अँटिबायोटिक्स यांचा गुण अँटासिडमुळे कमी होतो. तिथेही अंतर लागतं, किती ते फार्मसिस्ट सांगतील.

दोन गोष्टी खास इथल्या. सिंगापुरात ताप आला आणि आजूबाजूला डेंग्यू असेल, तर अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो, पॅरासिटामॉलच घ्या. आणि गुडघेदुखीवरचं 'पूर्ण नैसर्गिक' औषध एखाद्या मित्राकडून किंवा इंटरनेटवरून मिळालं आणि त्यानं दोन दिवसांत चमत्कार केला, तर आधी घाबरा. अशा औषधांत न सांगता मिसळलेलं स्टिरॉइड आणि वेदनाशामक सापडल्याचे इशारे इथलं प्राधिकरण वारंवार देत असतं. शौचाला डांबरासारखं काळं होणं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर चक्कर, यांतलं काही झालं तर पालकाला दोष देत बसू नका. चक्कर किंवा उलटी असेल तर सरळ ९९५ फिरवा.

या वर्षी अप्पा पुन्हा आले. मेतकूट, गूळ, कुळीथ, आणि मग श्रीखंडाचा डबा. तो मी जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि आम्ही दोघांनी एकेक पट्टी वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन खालच्या मॉलमधल्या फार्मसीत गेले. काउंटरवरच्या चिनी मुलीनं विचारलं, कुणासाठी हवंय, वय काय, बीपी आहे का, पूर्वी व्रण झाला होता का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? अप्पांनी खिशातून चौकोनी वहीचा कागद काढला. त्यावर सगळी नावं त्यांनी बॉलपेननं इंग्रजी ठळक अक्षरांत लिहून आणली होती. तिनं कागद नीट वाचला, एका नावावर बोट ठेवलं आणि मान हलवली. गुडघ्याला चोळायचं मलम आणि पॅरासिटामॉल घेऊन आम्ही बाहेर पडलो. एस्कलेटरवर अप्पांनी हळूच विचारलं, "त्या मिरचीवाल्या डॉक्टरांचं तू म्हणालीस ते खरं ना? मग आज पिठल्याबरोबर ठेचा कर."